आवाजातलं फिरतं भोक

मुलांनो, एक अगदी सोपा प्रश्न विचारते. एक स्पीकर वाजतो आहे. त्याच्या जोडीला तसाच दुसरा स्पीकर लावला, दोन्हींवर तेच गाणं. आवाज वाढेल की कमी होईल?

"हे काय विचारणं झालं बाई? वाढेलच की!" असंच म्हणालात ना? मागच्या स्नेहसंमेलनापर्यंत मीही हेच म्हटलं असतं.

रंगीत तालीम चालू होती. मैदानाच्या एका टोकाला मंडप, मंडपाच्या दोन बाजूंना दोन उंच स्पीकर आणि समोर मधोमध चौथीची मुलं लेझीम घेऊन उभी. मी डाव्या स्पीकरजवळ, तोंडात शिट्टी. गाणं सुरू झालं. माझ्या कानात ढोल नुसता दणदणत होता, पण मुलांना ठेका काही केल्या सापडेना. एक रांग पुढं, एक रांग मागं. दोनदा झालं, तीनदा झालं. मग मात्र मी रागावले. "लक्ष कुठं आहे तुमचं? एवढा मोठा ढोल वाजतोय तो ऐकू येत नाही?"

पुढच्या रांगेतली एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, इथं ढोल येतच नाहीये."

मला वाटलं, ही झाली सबब. तिलाच आणखी चार शब्द ऐकवले.

तेवढ्यात उजव्या स्पीकरची वायर कुणाच्या तरी पायात अडकून निघाली. स्पीकर बंद! आणि मैदानाच्या मध्यावरून सगळी मुलं एकदम ओरडली, "आला! ढोल आला!"

मी धावत मध्यावर गेले. काकांनी वायर पुन्हा जोडली, ढोल गायब. गाण्यातली सनई ऐकू येतेय, गाणाऱ्याचे शब्द ऐकू येतायत, पण पोकळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे. वायर काढली, ढोल हजर. म्हणजे एका स्पीकरचा ढोल मोठा आणि दोन स्पीकरांचा ढोल नाहीच! स्पीकरवाल्या काकांनी डोकं खाजवलं, उजव्या स्पीकरच्या मागं वाकून पाहिलं आणि हसले. लाल आणि काळी वायर उलटी लागली होती. दोन मिनिटांत सरळ केली. ठेका लगेच जमला. मी मुलांची माफी मागितली, त्या मुलीची तर वेगळी मागितली.

पण ढोल गेला होता कुठं?

स्पीकरच्या आत एक कागदी पडदा असतो. तो पुढं येतो तेव्हा समोरची हवा ढकलतो, मागं जातो तेव्हा ओढतो. वायर उलटी लागली की एक पडदा पुढं येत असतो त्याच क्षणी दुसरा मागं जात असतो. एक हवा ढकलतो, एक ओढतो. आता झोपाळा आठवा. एक जण पुढून ढकलतोय, दुसरा तेवढ्याच जोरानं मागून. झोपाळा हलेल का? मैदानाच्या मधोमध दोन्ही स्पीकर सारख्याच अंतरावर, म्हणून तिथली हवा त्या झोपाळ्यासारखी जागीच राहिली. मी एका स्पीकरच्या अगदी जवळ होते, मला दुसऱ्याचा जोर पोचतच नव्हता.

मग सनई का राहिली? तिचं उत्तर लांबीत आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ढोलाच्या घुमण्यात सेकंदाला १०० कंपनं धरली, तर एक लाट होते ३.४ मीटरची, म्हणजे एखाद्या खोलीएवढी. तुम्ही चार बोटं इकडं-तिकडं सरकलात तरी हिशेब बिघडत नाही. पण सेकंदाला २,००० कंपनांच्या बारीक सुराची लाट असते फक्त १७ सेंटिमीटर, वीतभरही नाही. डोकं जरासं हललं की वजाबाकी मोडते. शिवाय तुमचे दोन कान दोन जागी. म्हणून बारीक आवाज अर्धेमुर्धे वाचतात.

(पालकांनी घरच्या म्युझिक सिस्टिमच्या मागच्या वायरी एकदा पाहाव्यात. गाण्यात जान नाही असं वाटत असेल, तर नवीन स्पीकर घेण्याआधी लाल-काळी तपासलेली बरी.)

आता खरी गंमत सांगते. आमच्याकडं जी गोष्ट चुकून झाली, तीच मुद्दाम आणि मापात करणारं एक यंत्र आहे. त्याचं नाव फेझर. गिटारवाले ते पायाशी ठेवतात, सिंथेसायझरवाले आपल्या यंत्रात बसवतात. त्यातून सूर गेला की तो घुसळल्यासारखा होतो. पोकळ होतो, भरतो, लांब जातो, जवळ येतो. जणू कुणी आवाजात सावकाश पळी फिरवतंय.

कसा असतो तो आवाज, हे ऐकायला यंत्र नको. स्वयंपाकघरातलं एक स्टीलचं ताट घ्या. हातभर अंतरावर तोंडासमोर धरा. आता दम न सोडता "श्शऽऽऽ" असा आवाज करत राहा आणि ताट हळूहळू तोंडाजवळ आणा. मग लांब न्या. पुन्हा जवळ. ऐकलंत? तुमचं "श्श" बदललंच नाही, तरी आवाजात काहीतरी वर चढतंय, खाली उतरतंय. ताट नसेल तर जाड पुठ्ठ्याची वहीसुद्धा चालेल. शेजारी कुणी झोपलेलं नाही ना, तेवढं पाहा!

वर-खाली होतंय ते काय? ते समजायला मैदानावर जाऊ या. असं धरा की प्रत्येक सूर हा गोल मैदानाला फेऱ्या मारणारा मुलगा आहे. जाड सूर सावकाश पळतो, बारीक सूर भराभर. तुमच्या "श्श"मध्ये असे शेकडो पळणारे एकदम असतात. आता त्या प्रत्येकाला एक जुळा भाऊ द्या. तो ताटावर आपटून येतो, म्हणून थोडा उशिरा पळायला लागतो. समजा उशीर झाला एका सेकंदाच्या हजाराव्या भागाचा. सेकंदाला ५०० फेऱ्या मारणाऱ्याला एका फेरीला दोन हजारांश सेकंद लागतात. म्हणजे त्याचा जुळा बरोबर अर्धी फेरी मागं. हा उत्तरेला तर तो दक्षिणेला, एक ढकलतो तर एक ओढतो. हा सूर पुसला गेला! पण सेकंदाला १,००० फेऱ्या मारणारा? त्याचा जुळा अख्खी फेरी मागं, म्हणजे पुन्हा त्याच्या खांद्याला खांदा लावून. हा सूर दुप्पट जोरात. १,५०० वाला दीड फेरी मागं, तोही पुसला.

फेरीत कोण कुठं आहे, यालाच इंग्रजीत फेज म्हणतात. आपल्याकडं त्याला शब्द आहे 'कला'. चंद्राच्या कला म्हणतो ना, तीच. महिन्याच्या फेरीत चंद्र कुठवर आला ते त्याची कला सांगते, तसंच सुराचंही.

तर ताटामुळं तुमच्या "श्श"ला ठरावीक जागी भोकं पडतात. ताट जवळ आणलं की उशीर कमी होतो, भोकं बारीक सुरांकडं सरकतात. लांब नेलं की जाड सुरांकडं. कानाला जे काही वर-खाली फिरताना जाणवतं ना, तो सूर नाहीच. ते भोक आहे! नसलेली गोष्ट ऐकू येतेय. मला तर हे कळल्यावर दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

खरं सांगायचं तर असा आवाज मी लहानपणी रोज ऐकला होता, फक्त नाव माहीत नव्हतं. आमचे आजोबा रात्री शॉर्टवेव्हवर बीबीसीच्या हिंदी बातम्या लावायचे. (त्या बातम्या २०२० मध्ये बंद झाल्या.) बोलणाऱ्याचा आवाज मधूनच पोकळ व्हायचा, नळीतून आल्यासारखा, मग भरायचा, पुन्हा वाहून जायचा. आजोबा रेडिओवर थाप मारायचे. बिचाऱ्या रेडिओचा काही दोष नव्हता. शॉर्टवेव्हच्या लहरी पृथ्वीभोवतीच्या वरच्या थरांवर आपटून खाली येतात. एक लहर एका वाटेनं, दुसरी जरा लांबच्या वाटेनं. झाले की जुळे भाऊ! आणि तो वरचा थर स्थिर नसतो, म्हणून भोकंही फिरत राहतात.

जपानमध्ये फुमिओ मिएदा नावाचे एक इंजिनिअर होते. त्यांनीही मॉस्कोहून येणारा रेडिओ असाच ऐकला. आपल्यासारखी थाप न मारता ते विचार करत बसले, की हा आवाज आपल्याला पेटीत बनवता येईल का? त्यातून १९६० च्या दशकाच्या अखेरीस युनि-व्हाइब नावाचं यंत्र तयार झालं. त्याच्या पोटात काय असावं? एक छोटा बल्ब! तो मंद होतो, उजळतो, मंद होतो, उजळतो. त्याच्याभोवती उजेड ओळखणारे चार तुकडे बसवलेले आणि उजेड सांडू नये म्हणून वरून चकचकीत पत्र्याचं टोपण. उजेड वाढला की त्या तुकड्यांमधून वीज सहज जाते, कमी झाला की अडते, आणि त्यानुसार सुरांची कला पुढं-मागं होते. बल्ब जणू श्वास घेतो आणि त्याच्याबरोबर गिटारचा सूर. ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकेत वुडस्टॉकच्या प्रचंड गर्दीपुढं जिमी हेंड्रिक्सनं जी गिटार वाजवली, तिच्या मागं हीच पेटी होती.

आता एक बारकावा. ताटाच्या प्रयोगात भोकं खूप पडतात, ५००, १,५००, २,५०० अशी सारख्या अंतरावर, कंगव्याच्या फटींसारखी. तसा आवाज करणाऱ्या यंत्राला फ्लँजर म्हणतात. फेझर त्याचा सख्खा भाऊ, पण त्याची भोकं मोजकी. तो सगळ्यांना सारखा उशीर करत नाही. त्यात पायऱ्या असतात. एका पायरीवरून आवाज गेला की त्याचा जोर तेवढाच राहतो, फक्त प्रत्येक सूर आपापल्या फेरीत थोडा मागं पडतो. जाड सूर जेमतेम, अगदी बारीक सूर अर्ध्या फेरीपर्यंत. ही मागं पडलेली प्रत नुसती ऐकली तर फारसा फरक कळणारही नाही. पण ती मूळ आवाजात मिसळली, की जो सूर बरोबर अर्धी फेरी मागं पडला असेल तो गेला! दोन पायऱ्यांना एक भोक, चार पायऱ्यांना दोन, सहा पायऱ्यांना तीन.

भोक एका जागी थांबलं तर कान थोड्याच वेळात त्याला सरावतो. म्हणून ते हलतं ठेवावं लागतं. तुम्ही ताट हातानं हलवलंत, युनि-व्हाइबमध्ये बल्ब होता. सिंथेसायझरमध्ये हे काम एक फार सावकाश झुलणारी लहर करते. इतकी सावकाश, की दोन-चार सेकंदांत एक झोका. सूर म्हणून ती ऐकूच येत नाही. ती स्वतः गात नाही, दुसऱ्याला हलवते.

आणि इथंच मॉड्युलर सिंथेसायझर मला फार आवडतो. तो दिसायला जुन्या टेलिफोन एक्स्चेंजसारखा असतो. एकेक खोकं एकेक काम करतं. कुणी सूर काढतं, कुणी गाळतं, कुणी झुलवतं. पण मधल्या वायरी जोडलेल्याच नसतात, त्या तुम्ही जोडायच्या. तयार फेझर हवा कशाला? सूर काढणाऱ्या खोक्यातून एक वायर घ्या आणि तिला दोन फाटे फोडा. एक फाटा थेट आवाज मिसळणाऱ्या खोक्यात. दुसरा कला बदलणाऱ्या पायऱ्यांमधून फिरून तिथंच. आता सावकाश झुलणाऱ्या लहरीची वायर त्या पायऱ्यांना लावा. झाला फेझर. एक वायर काढलीत की जादू खलास, म्हणजे जादू कुठं होती तेही कळतं. झुलणाऱ्या लहरीऐवजी टाळीचा आवाज जोडला तर? प्रत्येक टाळीला भोक दचकून उडी मारेल. सिनेमासाठी आवाज बनवणारी माणसं अशाच वायरी बदलत बदलत यंत्रमानवाचं बोलणं बनवतात, नाहीतर परग्रहावरचा वारा.

एक पथ्य मात्र आहे. त्यात घालायचा आवाज भरदार हवा. नुसत्या शिट्टीसारखा एकटा सूर घातला, तर तो फक्त लहान-मोठा होईल. चादरीला भोकं पाडता येतात, दोऱ्याला कुठं पाडणार?

अशा वायरींच्या सिंथेसायझरचं एक प्रसिद्ध रूप अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये बनवलं. आडनाव लिहितात मूग पण म्हणतात मोग, तेव्हा डाळीशी त्याचा काही संबंध नाही. गोव्याच्या वाचकांना मात्र नाव गोड वाटेल, कारण कोकणीत मोग म्हणजे प्रेम! त्यांचं एक यंत्र १९६९ मध्ये चक्क अहमदाबादला आलं. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी त्याचा स्टुडिओ उभारून दिला. गीता साराभाई आणि त्यांच्या बरोबरच्या मंडळींनी त्यावर प्रयोग केले, फिती भरल्या, आणि मग त्या फिती कपाटात गेल्या. कित्येक वर्षांनी त्या सापडल्या आणि २०२३ मध्ये 'द एनआयडी टेप्स' नावानं प्रसिद्ध झाल्या. आपल्या शेजारच्या राज्यात एवढं घडलं आणि आपल्याला कुणी सांगितलंच नाही, याची मला जरा चुटपुट लागली.

त्याच १९६९ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड कॉकरेल नावाच्या इंजिनिअरनं वेगळी युक्ती केली. वायरींचं जंजाळ नकोच. व्हीसीएस थ्री नावाच्या त्यांच्या सिंथेसायझरवर उभ्या-आडव्या १६ ओळींची भोकांची पाटी होती. दोन खोकी जोडायची असली की त्यांच्या ओळी जिथं छेदतात तिथं पिन टोचायची, अगदी गणितातल्या आलेखासारखी. हेच कॉकरेल पुढं अमेरिकेतल्या एका कंपनीत गेले आणि त्यांनी एक छोटा फेझर बनवला, स्मॉल स्टोन. एक बटण फिरवायचं, एक खटका दाबायचा, संपलं.

पॅरिसमध्ये झाँ-मिशेल जार नावाचा तरुण तेव्हा घरातच स्टुडिओ थाटून बसला होता. त्याच्याकडं हॉलंडमध्ये बनलेला एक ऑर्गन होता, घरी हौसेनं वाजवतात तसला. त्यातून अनेक व्हायोलिनं एकदम वाजल्यासारखा आवाज यायचा. बरा होता, पण सपाट. जारनं त्याची वायर स्मॉल स्टोनमध्ये घातली आणि तो सपाट आवाज श्वास घ्यायला लागला. १९७६ मध्ये त्याची 'ऑक्सिजन' ही रेकॉर्ड आली. त्यात गाणारं कुणी नाही, शब्द नाहीत, तरी ती जगभर लाखोंनी खपली. मुखपृष्ठावर पृथ्वीची साल सोलून आतून डोकावणारी कवटी आहे. लहान भावंडांना दाखवण्याआधी विचार करा!

तुम्हाला स्वतः वायरी जोडून पाहायच्या असतील तर खरी खोकी फार महाग असतात. पण व्हीसीव्ही रॅक नावाचा एक प्रोग्रॅम संगणकावर फुकट मिळतो. पडद्यावर तशीच खोकी, तशाच रंगीत वायरी. ताई-दादांना किंवा आई-बाबांना बरोबर घेऊन बसा, आणि आवाजाचं बटण आधी कमी ठेवा. चुकीची वायर जोडली तर काही जळत नाही, पण कानठळ्या बसू शकतात.

स्नेहसंमेलन संपल्यावरच्या शनिवारी मी चौथीच्या वर्गात 'ऑक्सिजन' लावली. सुरुवातीला खुसुखुसू हसणं झालं, मग वर्ग शांत झाला. तो भरणारा-रिकामा होणारा आवाज आला तेव्हा मी विचारलं, "काय होतंय सांगा बरं?"

कुणी म्हणालं समुद्र, कुणी म्हणालं विमान. लेझीमवाली ती मुलगी डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, "बाई, कुणीतरी लाल-काळी वायर सारखी उलटी-सुलटी करतंय. पण हळूहळू."

मी फळ्याकडं वळले आणि गोल मैदान काढायला घेतलं.